दाखला आणि कारण

आपल्या संकेश्वर-निपाणी भागातील जुन्या मराठी घराण्यांपैकी ज्या घरचा एखादा मुलगा वा मुलगी पुण्यास किंवा बंगळुरूस संगणकाच्या व्यवसायात नाही, असे घर आता मुद्दाम शोधावे लागेल. १९९६ मध्ये निडसोशी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९८ मध्ये बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, आणि ज्या घरांत पूर्वी शेती, वकिली, शिक्षकी वा सरकारी नोकरी यांपलीकडे वाट दिसत नव्हती, त्या घरांतील मुले या नव्या विद्येकडे वळली. ही मुले दिवसभर नेमके काय करतात, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. त्याचे एक प्रामाणिक उत्तर असे की, त्यांच्या वेळेचा बराच भाग शोधण्यात जातो. समोर अडचण आली की ती शब्दांत मांडायची, इंटरनेटवर शोध घ्यायचा, आणि जगाच्या पाठीवर कोणी तरी आधी तीच अडचण सोडवली असेल तर त्याची रीत पाहून पुढे जायचे.

हे ऐकून जुन्या पिढीच्या मनात सहज येते, ‘म्हणजे पाहूनच लिहितात की!’ या उद्गारातील उपहास सोडून दिला, तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न खरा आहे. दुसऱ्याने जाणलेले आपल्याला सापडले, म्हणजे ते आपण जाणले असे होते काय? आणि सापडलेल्या ज्ञानावर आपण काही उभारले व ते पुढे कोसळले, तर त्याचे दायित्व कोणाचे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, हा शोध एकाच जातीचा नसतो. यंत्राने दाखवलेल्या चुकीचा अर्थ शोधणे हा पहिला प्रकार. एखादे साधन कसे वापरावे, याची कृती शोधणे हा दुसरा. या दोहोंत मोठा नैतिक पेच नाही, कारण सापडलेले उत्तर लागू पडले की नाही, हे यंत्र तेथल्या तेथे सांगून टाकते. तिसरा प्रकार रचनेचा. एकच काम चार रीतींनी करता येते, चारही रीती चालतात, आणि त्यांतली कोणती निवडावी हे ठरवायचे असते.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन होते आणि ते संगणकातून शेतकऱ्याच्या खात्यावर चढते. काटा आणि मुख्य कचेरी यांमधला संपर्क मध्येच तुटला तर काय करावे? वजन काट्याजवळच्या संगणकात साठवून गाडी पुढे सोडावी व मागाहून मेळ घालावा, की संपर्क पूर्ववत होईपर्यंत रांग थोपवून धरावी? पहिल्या रीतीत गाडी अडत नाही, परंतु दोन ठिकाणच्या नोंदी वेगळ्या पडण्याचे भय राहते. दुसऱ्या रीतीत नोंद एकच राहते, पण ऐन गळीत हंगामात गाड्या रात्रभर उभ्या राहतात, ऊस वाळतो आणि वजन घटते. यांत बरोबर कोणते, हे यंत्र सांगणार नाही. निवड चुकली असेल तर ती वर्षा-दोन वर्षांनी कळते, आणि बहुधा ज्याने निवड केली त्याला नव्हे, तर ज्याच्या बिलात फरक पडला त्या शेतकऱ्याला कळते. रचनेच्या ज्ञानाला नैतिक बाजू येते ती अशी.

रचनेचे ज्ञान इंटरनेटवर कसे शोधले जाते, हा आता संशोधनाचाही विषय झाला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स व जर्मनी येथील संशोधकांनी अभियंत्यांपुढे रचनेच्या समस्या ठेवल्या, त्यांना गूगलवर शोध घ्यावयास सांगितले, आणि सापडलेले पान प्रस्तुत कामास कितपत उपयोगी पडले हे त्यांच्याकडून नोंदवून घेतले. संशोधकांनी मुद्दाम परीक्षा घ्यावी, इतके हे साधन या व्यवसायाच्या हाडीमासी खिळले आहे. असा शोध ज्याने थोडा काळ घेऊन पाहिला असेल त्याला एक गोष्ट सहज दिसते. ‘कसे करावे’ हे सांगणारी पाने उदंड असतात. ‘आमचेच साधन उत्तम’ असे सांगणारी, विकणाऱ्यांनी लिहिलेली पानेही पुष्कळ असतात. ‘आम्ही अमुक परिस्थितीत ही रीत निवडली, तमुक कारणासाठी दुसरी सोडली, आणि दोन वर्षांनी आम्हांस अमुक अडचण आली’ असे सांगणारे पान मात्र विरळा. जे सर्वांत मोलाचे, तेच सर्वांत कमी लिहिलेले असते.

आपल्या न्यायशास्त्राने शब्द हे एक प्रमाण मानले आहे. सारेच ज्ञान मनुष्यास प्रत्यक्षाने वा अनुमानाने मिळवता येत नाही, दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावाच लागतो, हे त्या शास्त्रकारांनी मोकळेपणाने मान्य केले. पण त्यांनी एक अट घातली. सांगणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे त्याने ती वस्तू जशी आहे तशी जाणलेली असावी आणि ती तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. आता इंटरनेटवर सापडलेल्या पानाचा लेखक आप्त आहे हे कशावरून ठरवायचे? तो पुष्कळदा अनोळखी असतो. शोधयंत्र जे पान वर आणते ते बहुतांनी पाहिलेले, बहुतांनी उल्लेखिलेले असते. बहुमान्यता ही विश्वासाची एक खूण खरी, परंतु आप्तत्व निराळे. शिवाय लेखक आप्त असला तरी तो आपल्या परिस्थितीविषयी बोलत असतो, आमच्या काट्यावरच्या रांगेविषयी नव्हे.

येथे आम्हांस सरकारी कचेरीतील पूर्वदाखल्याची आठवण होते. राज्य शासनाच्या सेवेत ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना शोधण्याची ही रीत मुळीच नवी नाही. अवघड प्रकरण पुढे आले की पहिला प्रश्न असे, ‘याला पूर्वदाखला आहे का?’ मग रेकॉर्ड रूममधील दप्तरे उघडायची, जुन्या फाइली काढायच्या, आणि पंधरा वर्षांपूर्वी अशाच प्रकरणी काय निर्णय झाला ते शोधायचे. दाखला सापडला की कारकुनाचा जीव भांड्यात पडे. चांगला अधिकारी मात्र तेवढ्यावर सही करीत नसे. तो मागील फाइलीतील टिप्पणी वाची. त्या वेळी नियम कोणता होता, अर्जदाराची स्थिती काय होती, कोणत्या कारणाने तो निर्णय झाला, आणि ते कारण आज या प्रकरणास लागू आहे काय, हे तो पाही. टिप्पणीत कारण नसेल तर तो दाखला त्याच्या दृष्टीने अर्धाच असे. दाखल्यामागे दडून सही करणारे अधिकारीही होतेच, नव्हते असे नाही. पण सही ज्याची, दायित्व त्याचे, हा कचेरीचा जुना नियम आहे. ‘मागे असेच झाले होते’ हे उत्तर तेथे पुरे पडत नाही.

दाखला घेतला आणि कारण मागे राहिले, तर काय होते याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपीय देशांचे ‘आरियान ५’ हे नवे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले, आणि त्यातील चार उपग्रहही गेले. चौकशीत निघाले ते असे. यानाची दिशा व वेग मोजणारी संगणक-प्रणाली आधीच्या ‘आरियान ४’ वरून जशीच्या तशी घेतली होती. जुन्या यानावर ती उत्तम चालली होती. तिच्यात एक मोठी संख्या लहान जागेत बसवण्याची क्रिया होती. अशा धोक्याच्या सात राशींपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तिघांना दिले नव्हते. हा हलगर्जीपणा नव्हता. संगणकावर भार फार पडू नये म्हणून, आणि जुन्या यानाच्या मार्गावर त्या राशी मर्यादेबाहेर जाणे शक्य नाही म्हणून, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. नव्या यानाचा आडवा वेग पुष्कळ अधिक होता. संख्या जागेत मावेनाशी झाली आणि प्रणाली थांबली. तिचा हा भाग उड्डाणानंतर नव्या यानाला मुळी नकोच होता. जुन्या यानाची गरज म्हणून तो चालू राहिला होता.

चौकशी समितीच्या अहवालातील एक निरीक्षण आम्हांस अपघाताहूनही बोधप्रद वाटते. त्या तीन राशी उघड्या का ठेवल्या, याचे कारण प्रत्यक्ष आज्ञावलीत कोठे नोंदलेले नव्हते. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात, कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून, ते दिसेनासे झाले होते. म्हणजे दाखला शाबूत होता, परंतु कारण हरवले होते. ज्यांनी ते यंत्र घेतले ते अडाणी नव्हते. आपल्या काळातील उत्तम अभियंत्यांत त्यांची गणना होत असे. तेव्हा हा प्रश्न केवळ नवशिक्या मुलांच्या उथळपणाचा आहे, असे मानून चालणार नाही.

मग कारण येते कोठून? याचे उत्तर देण्यास आपल्याच राज्यातील ‘भूमी’ योजना उपयोगी पडेल. या शतकाच्या आरंभी कर्नाटकातील जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याची जागा तालुका कचेरीतील छापील उताऱ्याने घेतली. आपल्या हुक्केरी तालुक्यातील शेतकऱ्यालाही हा बदल चांगला ठाऊक आहे. या प्रणालीच्या रचनेत दोन गोष्टी होत्या. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने निकालात निघावेत, मधलाच अर्ज उचलता येऊ नये, ही एक. अधिकाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच काम करावे, म्हणजे ‘ही नोंद मी केली नाही’ असे मागाहून म्हणता येऊ नये, ही दुसरी.

अर्ज क्रमाने घेण्याची रीत संगणकशास्त्रात अगदी प्राथमिक आहे. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल आणि इंटरनेटवर क्षणार्धात मिळेल. पण ती येथेच का वापरावी, हे इंटरनेट सांगू शकत नव्हते. ज्याने तालुका कचेरीच्या व्हरांड्यात महिनोन्‌महिने हेलपाटे घालणारा शेतकरी पाहिला, एकाचा अर्ज मागे का राहतो आणि दुसऱ्याचा पुढे का सरकतो हे ज्याने ओळखले, त्यालाच त्या साध्या रीतीचे येथील मोल कळणार. रीत सर्वत्र एकच असते. कारण मात्र त्या त्या जागेचे, माणसांचे आणि त्यांच्या व्यवहाराचे असते, आणि ते तेथे जाऊन, बसून, ऐकूनच मिळवावे लागते. सापडलेल्या रीतीला आपण आपल्या जागचे कारण जोडले, म्हणजे ती आपली होते, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शोधून शिकणाऱ्यास नावे ठेवताना आपण जुन्या काळाचे खोटे कौतुक तर करीत नाही ना? पूर्वी ज्ञान बंदिस्त होते. वैद्य आपले औषध मुलालाही शेवटच्या घटकेपर्यंत सांगत नसे, आणि कित्येक गुण त्या माणसांबरोबर चितेवर गेले. विद्या कोणी शिकावी यावर जातीचे आणि स्त्री-पुरुषभेदाचे कडक पहारे होते. राष्ट्राराष्ट्रांतही हेच चालले. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून भारताला हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील अभियंत्यांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यातील प्रक्रियक परदेशी बनावटीचे होते, पण पुष्कळ प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून एक काम करवून घेण्याची रचना त्यांनी स्वतः सिद्ध केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आज निडसोशीच्या विद्यार्थ्याला तेच पान वाचता येते जे कॅलिफोर्नियातील विद्यार्थी वाचतो. हे लोकशाहीकरण लहानसहान नव्हे. शोधणे हा दोष नाही. न शोधता आपल्याच अज्ञानात गर्क राहणे हा खरोखर दोष आहे.

रचनेचे ज्ञान खुले करण्याची ही परंपरा सुरू झाली, तीही काही उथळ विचारातून नव्हे. तिचे एक मूळ इमारतींच्या शास्त्रात आहे, आणि काही अंशी आपल्या देशातही आहे. क्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९६४ मधील आपल्या ग्रंथात भारतातील एका खेड्याच्या रचनेचे उदाहरण घेतले व त्या खेड्याच्या १४१ गरजा मांडून त्यांचे परस्परसंबंध तपासले. १९७७ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह २५३ रचनाबंधांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक बंधात अडचण कोणती, ती कोणत्या परिस्थितीत उद्भवते आणि हा उपाय का, हे सांगितलेले असते. तेच वळण १९९४ मध्ये चार संगणकतज्ज्ञांनी आपल्या शास्त्रात गिरवले आणि २३ रचनाबंध ग्रंथबद्ध केले. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम याने असे बंध सर्वांनी मिळून लिहावेत म्हणून इंटरनेटवर एक खुली वही उघडली. पुढे ज्ञात झालेल्या विकिपीडियाची कल्पना याच वहीच्या वंशातील. या मंडळींनी उपायाबरोबर कारण देण्याचा आग्रह धरला होता. घाईत घेणाऱ्यांनी उपाय उचलला आणि कारण वाचण्याचे टाळले.

उचलणाऱ्याची जबाबदारी काय असते, हे मराठी परंपरेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरल्या जात होत्या आणि उतरता उतरता पाठ भ्रष्ट होत होता. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी प्रती पडताळून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसवू नये, असे बजावले. नक्कल करणे त्यांनी निषिद्ध मानले नाही. नकलांवाचून तो ग्रंथ टिकलाच नसता. नक्कल करणाऱ्याने मूळ पडताळावे आणि पुढच्याच्या हाती स्वच्छ द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. इंटरनेटवरून रचना उतरून घेणाऱ्या अभियंत्याकडूनही याहून वेगळे काय मागावे?

येथे घेणाऱ्याच्या कर्तव्याला देणाऱ्याचे कर्तव्य येऊन मिळते, कारण आज जो घेतो त्याचेच काम उद्या दुसरा कोणी घेणार असतो. आपल्यापैकी काही घरांच्या माळ्यावर अजून मोडी कागदांची दप्तरे असतील. त्यांत एखादे जुने निवाडपत्र असेल तर ते मोडी जाणणाऱ्याकडून अवश्य वाचून घ्यावे. त्यात केवळ निकाल नसतो. वादीने काय म्हटले, प्रतिवादीने काय म्हटले, कोणते कागद व साक्षी पुढे आल्या, आणि त्यावरून पंचांनी काय ठरवले, हे क्रमाने येते. म्हणून दोन-अडीचशे वर्षांनंतरही त्या निर्णयाशी आपल्याला वाद घालता येतो. संगणकक्षेत्रातही २०११ मध्ये मायकेल नायगार्ड या अभियंत्याने असाच उपाय सुचवला. प्रत्येक महत्त्वाच्या रचनेसाठी एका-दोन पानांची टिप्पणी ठेवावी, तीत परिस्थिती, निर्णय आणि त्याचे परिणाम लिहावेत, आणि ती आज्ञावलीजवळच जपावी. आमच्यासारख्या जुन्या सरकारी माणसास यात आपलीच फाइल भेटल्याचा आनंद झाला, हे सांगावयास हरकत नाही.

तथापि लिहून सारे साधते, असाही भ्रम नको. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज्ञावलीचा खरा प्राण ती रचणाऱ्यांच्या मनातील समजेत असतो, आणि ती समज कागदात पूर्ण उतरत नाही. ती माणसाने माणसाच्या सहवासात घ्यावी लागते. कचेरीत नवा माणूस आला की शिरस्तेदार त्याला फाइलीबरोबरच चार गोष्टी तोंडी सांगे, त्या याच जातीच्या. म्हणून टिप्पणी हवी आणि तिच्याबरोबर संवादही हवा.

२०२२ च्या अखेरीपासून या प्रश्नास आणखी एक वळण लागले आहे. आता पुष्कळ अभियंते पाने शोधण्याऐवजी कृत्रिम बुद्धीच्या यंत्रालाच विचारतात, आणि ते असंख्य लेखकांचे लिखाण पचवून एकसंध, सफाईदार उत्तर देते. पूर्वी निदान लेखकाचे नाव, तारीख आणि खाली इतरांनी घेतलेले आक्षेप दिसत. आता दाखल्यावरचा शिक्काही पुसला गेला आहे. यंत्र कारणही सांगते, पण ते कोणाच्या अनुभवाचे कारण, हे त्यातून उमगत नाही. ज्याच्यापाशी दायित्व घेण्यास सही नाही, त्याच्या शब्दावर चालताना सही करणाऱ्याचे दायित्व वाढते, घटत नाही.

शास्त्रांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषिऋण पैशाने फिटत नाही. ते अध्ययनाने, आणि मिळालेली विद्या पुढे देण्यानेच फिटते. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा शेकडो माणसांनी विनामूल्य लिहून ठेवलेल्या ज्ञानावर आज आपली मुले आपला संसार उभा करीत आहेत. हे ऋण लाजेचे नाही, ते मानावे आणि फेडावे. घेताना कारण विचारावे, वापरताना ते आपल्या जागेशी ताडून पाहावे, आणि देताना आपले कारण, विशेषतः आपल्याला आलेली अडचण, लिहून ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना या विद्येची परिभाषा येत नसेल, पण सुटीत आलेल्या नातवाला एक प्रश्न त्यांना खचित विचारता येईल. ‘बाळ, तू हे असेच का केलेस?’ या प्रश्नास त्याने आपल्या शब्दांत उत्तर दिले, तर ते ज्ञान त्याला कोठे सापडले याची चिंता करण्याचे कारण नाही.